केमची लाइन

सकाळी दहाला चन्नप्पा सोलापूरच्या टेलिफोन ऑफिसातल्या टेस्ट रूममधल्या उंच स्टुलावर बसायचा, रिसीव्हर डाव्या कानाला लावायचा, उजव्या हातात पेन्सिल धरायचा आणि जिल्ह्याची एकेक तार ऐकायला लागायचा. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम, नातेपुते. प्रत्येक गावाच्या टोकाला एक माणूस त्याची वाट बघत उभा असे. तो बोले, चन्नप्पा डोळे मिटून ऐके आणि रजिस्टरात त्या गावापुढं एक शब्द लिही. स्वच्छ. खरखर. मंद. त्या एका शब्दावर रानातला लाइनमन सावलीत बसायचा, नाहीतर खांब चढायचा.

सोलापुरात हातमागाचा धोटा ऐकून धागा कुठं तुटला ते सांगणारी माणसं असतात. चन्नप्पा तारेचं तसं सांगायचा. पतंग अडकला की तार कशी कण्हते, बाभळीची फांदी टेकली की कशी चरचरते, खांबावरच्या चिनीमातीच्या वाटीत कोळ्यानं जाळं विणलं की कशी जड होते, सगळं त्याला कानानं कळे. सव्वीस वर्षांत त्याचा शब्द कुणी खोडला नव्हता. नव्या पोरींना साहेब सांगायचे, "यंत्र बिघडलं तर चन्नप्पाला विचारा. चन्नप्पा बिघडत नाही."

खात्यात लागला तेव्हा एका म्हाताऱ्या मास्तरानं त्याला हाताची पाच बोटं दाखवली होती. "हे बघ, तारांचं जाळं राखायचं म्हणजे ही पाच कामं. बिघाड हुडकणं हा अंगठा. कुठली तार कुठं जोडली त्याचा माग ठेवणं, किती बोलणी झाली ती मोजणं, तार किती जोमानं चालते ते यंत्र लावून बघणं, आणि एकाचं बोलणं भलत्याच्या कानी पडू न देणं, ही चार बोटं. अंगठा जाड असतो, पण एकट्या अंगठ्याची मूठ होत नाही." चन्नप्पा तेव्हा हसला होता. त्याला अंगठा मिळाला होता.

केमच्या टोकाला मानसिंग होता. केमपासून कुर्डुवाडीच्या बाजूला रुळाच्या कडेनं जाणारी सहा कोस तार त्याच्या हाती. वीस वर्षांत दोघं समोरासमोर भेटले ते तीनदा. एकदा मानसिंगच्या थोरलीच्या लग्नात, दोनदा सोलापूरच्या ऑफिसात. बाकी सगळी दोस्ती तारेवरची. पहिल्या वर्षी मानसिंग फोनवर ओरडून बोलायचा, जसं रानात पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसं. चन्नप्पानं त्याला समजावलं होतं, "ओरडू नको, बाबा. ओरडणारा माणूस तारेचा आजार झाकतो. शेजारी बसल्यागत बोल. तरच मला तिची तब्येत कळंल." मानसिंगनं ते देवाच्या शपथेसारखं धरलं. त्यानंतर तो कधी ओरडला नाही.

आणि चाचणीला एक-दोन-तीन मोजायचंही त्यानं सोडलं. त्याच्या बायकोची, बजाबाईची, एखादी ओवी तो सांगायचा.

शेताच्या गं शिवंवरी, सरळ तार जाती
सासरी गं माझी मैना, सुखाचा शब्द घेती

"आकडं समद्यांनाच येत्यात, अण्णा," तो म्हणायचा. "हिच्यात स बी हाय, श बी हाय. तुमची चाळनी चांगली लागंल." आणि ते खरं होतं. आजारी तारेवरून आधी स आणि श गळतात, सुपातल्या फोलासारखे. चन्नप्पाला ती चाचणी फार आवडायची. बजाबाई नवी ओवी करी, दुसऱ्या दिवशी दहाला ती सोलापुरात पोचे.

अठ्ठ्याहत्तर सालची होळी झाली आणि केमची लाइन मंद यायला लागली.

"मानसिंग, आज लांबून येतोयस रे. विहिरीतनं बोलल्यागत."

"असं कसं? तुमी तर मला देवळात बोलल्यागत येताय. घुमतंय हितं."

"तुझा हँडसेट बघ."

मानसिंगनं हँडसेट बदलला. मंद. त्यानं तीन दिवसांत चाळीस वाट्या पुसल्या. मंद. बाभळी छाटल्या, जुने सांधे सोडून नवे बांधले. चन्नप्पाही काही हातावर हात ठेवून बसला नव्हता. आधी आपलं टोक तपासायचं, मग दुसऱ्याच्या टोकाला बोट लावायचं, ही त्याची शिस्त. त्यानं स्वतःचा रिसीव्हर बदलला, दोर बदलला, जोडणीच्या पट्टीवरची केमची जागा बदलून पाहिली, जोडणीचं कार्ड पुन्हा तपासलं. सगळं जागच्या जागी. तरी ओवी यायची ती शेंडा खुडल्यासारखी.

"तार एकच की, अण्णा," मानसिंग एकदा म्हणाला. "तिकडनं हिकडं धडधाकट आन् हिकडनं तिकडं आजारी, असं कुटं असतंय व्हय?"

"असतंय एखादवेळी," चन्नप्पा म्हणाला. खरं म्हणजे नसतं. ते त्यालाही ठाऊक होतं. पण कान सांगत होता.

इतर गावांचीही तशीच कुरकुर सुरू झाली होती. पण त्याला इतकंच वाटलं की उन्हाळा आला, तारा ताणल्या. "जरा मोठ्यानं," तो म्हणे, आणि माढ्याचा, मोहोळचा माणूस मोठ्यानं बोले. चन्नप्पा लिही, स्वच्छ. मानसिंगला तो कधी "मोठ्यानं" म्हणाला नाही. म्हणाला असता तरी मानसिंग ओरडला नसता.

टेस्ट रूमच्या भिंतीपलीकडं ट्रंकचा बोर्ड होता. तिथं दाक्षायणी बसायची. चोवीस वर्षांची, अक्कलकोटकडची, घरात कानडी आणि ऑफिसात मराठी बोलणारी. गावोगावचे कॉल ती जोडून द्यायची. एक दिवस चहाचा कप ठेवताना ती म्हणाली, "काका, केम मला स्वच्छ येतंय."

चन्नप्पा हसला. "यव्वा, तुला दोन माणसांचं बोलणं जुळलं की झालं. मला तारेची नाडी बघायची असते."

"यंत्रानं मोजून बघायचं का?"

"मोजलं की. यंत्र म्हणतंय ठीक. यंत्राला काय कान असतात?"

ती आणखी काहीतरी बोलणार होती. गेल्या महिन्याच्या मोजणीचा कागद तिच्या हातात होता. केमचे कॉल एकानंही घटले नव्हते. लाइन खरंच मंद असती तर माणसांनी "ऐकू येत नाही" म्हणून अर्ध्यात फोन ठेवले असते, तक्रारी आल्या असत्या. एकही तक्रार नव्हती. पण चन्नप्पानं पेन्सिल उचलली होती आणि रिसीव्हर कानाला लावला होता. तिनं कप घेतला आणि गेली.

घरी बायकोला, शरणम्मालाही काही वेगळं दिसत होतं, पण तिनं त्याला नाव दिलं नव्हतं. वाढताना ती नेहमी त्याच्या डाव्या हाताला बसायची. आताशा विचारायची, "अहो, आमटी घालू की नको?" आणि तो भाकरी मोडत राहायचा. "ऑफिसचा वारा लागलाय ह्यांना," ती शेजारणीला सांगे.

गुढीपाडव्यानंतर मेमो निघाला. केमची लाइन सलग तेवीस दिवस मंद, सबब लाइनमनची हयगय दिसून येते, खुलासा करावा. इन्स्पेक्टर तो घेऊन स्वतः केमला गेला आणि पोस्टाच्या कट्ट्यावर, बाजारच्या दिवशी, चारचौघांत त्यानं तो मोठ्यानं वाचला.

दुसऱ्या दिवशी दहाला मानसिंगनं ओवी सांगितली नाही.

"अण्णा, गाव लई खदाखदा हसलं काल. तो पानवाला म्हनतो, मानसिंग, तार म्हातारी झाली का तू?"

"मेमो मी नाही पाठवला रे."

"तुमी कशाला पाठवाल? रजिस्टर तेवढं तुमच्या अक्षरात हाय." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते चन्नप्पाला जास्त लागलं. मग मानसिंग म्हणाला, "तुमचा कान खोटं बोलनार न्हाय, हे मला म्हाईत हाय. म्हंजे माझ्याच हातात कायतरी कमी पडतंय. सांधा बांधतो, पर मनासारखा बसत न्हाय. बजी म्हनती, तसं काय न्हाय. पर तिला काय कळतंय तारंतलं?"

चन्नप्पाला म्हणायचं होतं, तुझ्या हातासारखा हात माझ्या पाहण्यात नाही. तो म्हणाला, "हुडकू. कुठंतरी असणारच."

वैशाखाच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी शेवटचा उपाय काढला. मानसिंगनं खांबाखांबावर चढून तारेला आपला फोन लावायचा आणि प्रत्येक ठिकाणाहून बोलायचं. जिथं आवाज मंदचा स्वच्छ होईल, तिथं आजार. सकाळी सातला तो निघाला. चन्नप्पा साडेसातपासून कान लावून बसला.

"खांब साठ. येतंय?"

"मंद."

"खांब ऐंशी."

"मंदच आहे."

खिडकीबाहेर सोलापूर उन्हानं पांढरं पडलं होतं. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. अकराच्या पुढं ऑफिसातले लोक पडदे ओले करून बसले. बारा वाजून दहा मिनिटांनी मानसिंगचा आवाज आला.

"खांब एकशे बारा. अण्णा, ऊन लई झालंय. लोखंडाला हात लावू देत न्हाय."

"आलाच आहेस तर आणखी चारपाच बघ. आवाज हलतोय मला. पुढं जा."

"बरं," मानसिंग म्हणाला. "पुढं जातो."

त्यानंतर तार बोलली नाही. चन्नप्पाला वाटलं, सावली बघून जेवायला बसला असेल. दोनला त्यानं कुर्डुवाडीला विचारलं. साडेतीनला रुळावर काम करणाऱ्या गँगच्या माणसांना मानसिंग सापडला. खांब एकशे सोळाच्या बुंध्याला टेकून बसलेला, डोळे अर्धे उघडे. वरचा सांधा त्यानं सोडून पुन्हा बांधला होता. इतका नीट, की इन्स्पेक्टरनं नंतर कुणाला तरी म्हटलं, हा सांधा तर नमुना म्हणून ठेवावा असा आहे.

ही बातमी सोलापूरला केमच्या लाइनीवरूनच आली. पोस्टमास्तर रडत, ओरडत बोलत होते. चन्नप्पाला त्यातला शब्दन् शब्द ऐकू आला.

चौथ्या दिवशी केमला बदली माणूस आला. दहाला चन्नप्पानं रिसीव्हर डाव्या कानाला लावला.

"हॅलो! हॅलो सोलापूर! केम बोलतोय!"

आवाज लख्ख. चन्नप्पा ताठ झाला. "लाइन कुणी दुरुस्त केली?"

"कोन करनार? मी काल संध्याकाळच्या गाडीनं उतरलो! अजून खांबाला हात बी लावला न्हाय!"

"ओरडू नका. हळू बोला. शेजारी बसल्यागत."

समोरचा हळू बोलला. आवाज विहिरीत गेला.

चन्नप्पा वळला. दारात दाक्षायणी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिचे डोळे सुजलेले होते.

"काका," ती म्हणाली, "एकदा उजव्या कानाला लावून बघा."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली, रिसीव्हर डाव्या कानावरून काढला आणि उजव्याला लावला. सव्वीस वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. उजवा हात लिहायला, डावा कान ऐकायला, हाताला तीच सवय. केमचा माणूस हळूच विचारत होता, "साहेब, येतंय का?" मागं पोस्टाच्या आवारातली कोंबडी ओरडत होती. कुणीतरी शिक्का मारत होतं, ठप, ठप. शिक्क्याच्या आधीचा शाईचा ओला आवाजसुद्धा येत होता.

त्यानं रिसीव्हर पुन्हा डाव्याला लावला. विहीर. उजव्याला. अंगण.

दोर बदलला होता, रिसीव्हर बदलला होता, पट्टीवरची जागा बदलली होती. आपलं टोक आधी तपासायचं, ही शिस्त पाळल्याचा त्याला अभिमान होता. तारेचं टोक कानाशी संपत नाही, कानाच्या आत जाऊन संपतं, हे त्याला सुचलंच नव्हतं.

"तुला कधीपासनं ठाऊक होतं?"

"होळीनंतर. मी कॉल जोडते तेव्हा दोन क्षण कानावर पडतं. केम स्वच्छ होतं. रोज." ती दोन पावलं आत आली. "पण लोकांचं बोलणं ऐकायची आम्हाला बंदी. साहेबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, तू कान देऊन बसतेस का? आणि तुम्ही... तुमच्या कानाला मी काय म्हणणार, काका? सगळं ऑफिस ज्याची शपथ घेतं..."

चन्नप्पा तिला रागावला नाही. रागवायला त्याच्याकडं काही उरलंच नव्हतं. पाचातली चार बोटं जवळजवळ दोन महिने एकच सांगत होती, कार्ड, मोजणी, यंत्र, आणि बंदीनं मुकी केलेली ही पोर. त्यानं एकट्या अंगठ्यानं एका माणसाला दाबून धरलं होतं.

साहेबांपुढं जाऊन त्यानं सगळं सांगितलं. साहेबांनी पंख्याकडं बघत ऐकलं.

"ऊन लागून गेला असं रिपोर्टात आलंय. ड्यूटीवर गेला. आता उकरून काय करता?"

"तो मेमो?"

"फाइल बंद होईल. मेलेल्या माणसाकडून कुणी खुलासा मागत नाही."

"बंद नको, साहेब. चुकीचा होता असं लिहून मागं घ्या."

"मग कुणाची चूक असं लिहायचं? चन्नप्पा, दोन वर्षं राहिलीत तुमची. स्टोअरला बसून खिळे मोजायचेत का?"

"मोजीन."

साहेबांनी फाइल बंद केली आणि दोऱ्याची गाठ मारली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, बाजारच्या दिवशी, चन्नप्पा पॅसेंजरनं केमला उतरला. गाडीच्या खिडकीतून त्यानं खांब मोजले नाहीत. खिडकीकडं पाठ करूनच तो बसला होता.

बजाबाई ओसरीवर बसली होती. मधे सूप होतं, सुपात ज्वारी होती, हात चालत नव्हते. तिनं त्याला पूर्वी एकदाच, लेकीच्या लग्नात पाहिलं होतं. तरी ओळखलं.

"या, अण्णा. पानी देते."

"नको, वहिनी. आधी ऐका. मग द्यावंसं वाटलं तर द्या."

त्यानं सांगितलं. कानाचं, विहिरीचं, खांब एकशे बाराचं, पुढं जा म्हणाल्याचं. काही मागं ठेवलं नाही. सांगताना तो सुपाकडं बघत होता. रस्त्यावरून बाजाराला निघालेल्या बैलगाड्या जात होत्या.

"म्हंजे तार बरी हुती," ती म्हणाली.

"व्हय."

"पहिल्यापासनं."

"व्हय."

"ते रोज रातच्याला हात धुवायचे आन् दिव्याशी धरून बघायचे. मला म्हनायचे, बजे, माझा हात गेला का गं? मी म्हनायची, न्हाय. ते म्हनायचे, तुला काय कळतंय." तिनं सुपाची कड धरली. "मला कळत हुतं की, अण्णा. मी बरुबर हुते. पर माझं खरं मानून काय उपेग हुता? सोलापूर म्हनत हुतं."

चन्नप्पानं मान वर केली नाही.

"ते गेले ते त्याच विचारात गेले," ती म्हणाली. "आता ह्यो शब्द त्यांना कुनी नेऊन द्यायचा? तुमच्या तारंवरनं जातो का तिकडं?"

"नाही."

"न्हाय ना?" ती उठली. सूप भिंतीला उभं केलं, पदर डोक्यावर घेतला. "मग जिथवर जातो तिथवर तरी जाऊ द्या. चला."

ती पुढं आणि तो मागं. पोस्टाच्या कट्ट्याशी ती थांबली. बाजार भरला होता. वांग्या-मिरच्यांचे ढीग, चादरी विकणारा, घोंगडी घेऊन बसलेले दोघे. पानवाला कात लावता लावता थांबला. पोस्टमास्तर चष्मा कपाळावर सरकवून दारात आले.

"हितंच वाचला हुता त्यो कागद," बजाबाई म्हणाली. मग तिनं आवाज चढवला. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बाईचा गळा, सगळा बाजार वळला. "हे सोलापूरच्या टेस्टचं अण्णा. ह्यांना बोलायचंय. ऐका."

चन्नप्पा कट्ट्यावर चढला. वीस वर्षं तो इथल्या माणसाला सांगत आला होता, हळू बोल, शेजारी बसल्यागत. तसंच तो बोलला.

"केमची लाइन स्वच्छ होती. एक दिवसही मंद नव्हती. मंद माझा कान होता. मानसिंगच्या हातात काही कमी नव्हतं. मी त्याला उन्हात धाडला."

पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी टोप्या काढल्या. पानवाल्यानं मान खाली घातली. पण घोंगडीवाल्यांच्या मागं, मिरच्यांच्या ढिगापाशी, लोक एकमेकांना विचारत होते, काय म्हनला? काय म्हनला त्यो?

बजाबाई कट्ट्याखाली उभी होती. तिनं मागं बघितलं, मग त्याच्याकडं.

"मागच्यांना ऐकू गेलं न्हाय," ती म्हणाली. "ओरडून सांगा."

चन्नप्पानं छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागला.